ॲम्प्लिफायरची पॉवर कॉर्ड : खान्देशातील विजेच्या संदर्भात एक आढावा

घरगुती स्टिरिओ ॲम्प्लिफायरला भिंतीवरच्या बोर्डातून वीज आणून देणारी दीड-दोन मीटरची तीन तारांची वायर म्हणजे पॉवर कॉर्ड. जुन्या रेडिओग्राममध्ये आणि सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये ही वायर आत पक्की सोल्डर केलेली असे. बदलायची तर यंत्र उघडावे लागे. १९७० साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने सुट्या कॉर्डच्या जोडणीचे मानक प्रसिद्ध केले आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत यंत्राच्या पाठीवर तीन पिनांची ओळखीची खोबण सगळीकडे आली. तिच्यात बसणाऱ्या टोकाला सी-१३ म्हणतात. संगणकाला लागते ती हीच कॉर्ड. मोठ्या ॲम्प्लिफायरना १६ अँपिअरचे सी-१९ टोक लागते, लहान यंत्रांना दोन पिनांचे सी-७. कॉर्ड सुटी झाली तशी ती स्वतंत्रपणे विकायची वस्तूही झाली. यंत्राबरोबर आलेली साधी कॉर्ड काढून जाड, विणलेली, चांदीचा मुलामा दिलेली महागडी कॉर्ड लावली की आवाज सुधारतो, हा दावा १९९० च्या दशकापासून जोरात मांडला जाऊ लागला. आज अशा कॉर्डची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते.

जळगाव-धुळ्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. युरोप-अमेरिकेत लिहिलेली कॉर्डची चर्चा भिंतीतली वीज ठीकठाक आहे असे धरूनच चालते. खान्देशात ते गृहीत धरता येत नाही. येथे व्होल्टेज चढते-उतरते, अर्थिंग कित्येक घरांत फक्त बोर्डावरच्या भोकापुरते असते आणि उन्हाळ्याचे चार महिने कूलर फिरत असतो. त्यामुळे कॉर्ड बदलावी का, हे कॉर्डच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

ॲम्प्लिफायर बोर्डातली वीज जशीच्या तशी स्पीकरकडे पाठवत नाही. आधी ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट खाली उतरवतो, मग चार डायोडचा ब्रिज प्रत्यावर्ती विजेला एका दिशेत वळवतो आणि मोठे कपॅसिटर ती साठवून ठेवतात. गाणे वाजते ते या साठ्यावर. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्यामुळे हा साठा सेकंदाला १०० वेळा भरला जातो, आणि प्रत्येक वेळी तो लाटेच्या माथ्याजवळच्या दोन-तीन मिलिसेकंदांतच भरतो. बाकीचा वेळ कॉर्डमधून जवळजवळ काहीच वाहत नाही. म्हणून मीटरवर सरासरी अर्धा अँपिअर दिसला, तरी त्या क्षणी वाहणारा प्रवाह त्याच्या कितीतरी पट असतो. कॉर्डच्या पुरस्कर्त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे: हे झटके वाहून न्यायला तार जाड हवी. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा खरा आहे. आकडे मांडले की त्याचे वजन कळते.

यंत्राबरोबर येणारी बरी कॉर्ड ०.७५ चौरस मिलिमीटरची असते. अशा लवचिक तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे जास्तीत जास्त २६ ओहम धरला जातो. दीड मीटरच्या कॉर्डमध्ये वीज जाते आणि परत येते, म्हणजे तीन मीटर तार, रोध ०.०७८ ओहम. तिच्या जागी अडीच चौरस मिलिमीटरची, म्हणजे बोलीत अडीच एमएमची, जाडजूड कॉर्ड लावली तर रोध ०.०२४ ओहमवर येतो. वाचले ०.०५४ ओहम. झटक्याचा प्रवाह ५ अँपिअर धरला तर वाचलेले व्होल्टेज ०.२७, आणि तेही लाटेच्या ३२५ व्होल्टच्या माथ्यावर. एक हजारांशाहूनही कमी. डेसिबलमध्ये हा फरक ०.००७ च्या आसपास भरतो. आवाजाच्या पातळीतला फरक तरबेज कानालाही दोन-तीन दशांश डेसिबलच्या खाली सहसा कळत नाही. शिवाय हा फरक पडतो तो ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर वाजत असतानाच. दिवाणखान्यात एरवी गाणे वाजते तेव्हा स्पीकरला सरासरी एखादा वॅट पुरतो. साठ्याचे व्होल्टेज थोडे खाली-वर झाल्याने त्या वेळी आवाजात काही बदलू नये, अशीच ॲम्प्लिफायरची रचना असते.

आता भिंतीमागे पाहावे. मीटरजवळच्या बोर्डापासून हॉलमधल्या सॉकेटपर्यंत १५ मीटर दीड एमएमची वायर गेली असेल, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.३६ ओहम होतो, साध्या कॉर्डच्या साडेचार पटींहून जास्त. त्यापुढे खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर, त्यापुढे डीपीपर्यंतची, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मरपर्यंतची लाइन. आणखी एक गोष्ट खास या भागाची. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, अंशामागे सुमारे ०.४ टक्का. २० अंशांवरून ४५ अंशांवर गेले की घरातल्या त्याच १५ मीटर वायरिंगचा रोध जवळपास १० टक्क्यांनी, म्हणजे ०.०३५ ओहमने चढतो. महागड्या कॉर्डने वाचवलेल्या रोधाचा दोन-तृतीयांश भाग जळगावचा मे महिना एकटाच परत घेतो, आणि जानेवारीतला भीमसेन जोशींचा आवाज मे महिन्यात बिघडला अशी तक्रार कोणी केलेली नाही. ठिबकची शेवटची दीड मीटर नळी बदलून विहिरीचे पाणी वाढत नाही, तसेच हे आहे.

घराचा स्वतःचा आकडा काढायला मल्टीमीटर आणि इस्त्री एवढे पुरे. ॲम्प्लिफायरच्या सॉकेटवर आधी नुसते व्होल्टेज पाहावे, मग त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री लावून पुन्हा पाहावे. इस्त्री साधारण ४.३ अँपिअर ओढते. व्होल्टेज २२८ वरून २२२ वर आले, तर डीपीपासून सॉकेटपर्यंतचा एकूण रोध सुमारे १.४ ओहम. कॉर्डचा ०.०५ ओहम त्यात कुठे बसतो ते लगेच कळते. हीच चाचणी घरातल्या दोन-तीन बोर्डांवर करावी. एका बोर्डावर उतार चार व्होल्टचा आणि दुसऱ्यावर दहाचा आला, तर दुसऱ्याच्या वाटेत सैल स्क्रू, काजळी धरलेले सॉकेट किंवा पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड बहुधा आहे. तो जोड वायरमनकडून पक्का करून घेतला की मिळणारा फायदा कोणत्याही कॉर्डपेक्षा मोठा असतो, आणि आगीचा धोकाही जातो.

विजेच्या निर्मितीत खान्देश मागे नाही. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. पण शेजारी वीज तयार होते म्हणून घरातली वीज चांगली येत नाही. ती वीज उच्चदाबाच्या जाळ्यात जाते. घराचे नशीब ठरते ते उपकेंद्र, ११ केव्हीचा फीडर, डीपी आणि लघुदाबाची शेवटची लाइन यांवर. घरगुती पुरवठ्यासाठी २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली ही मर्यादा धरली जाते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. डीपीजवळच्या घरांना ती बहुधा मिळते. लाइनच्या शेपटाला असलेल्या घराची गोष्ट वेगळी.

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात आणि तापीकाठच्या शिरपूर-शिंदखेड्यात विहिरींवर मोटारींची दाटी आहे. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि स्टार्टरजवळ कपॅसिटर नसेल तर चालू असतानाही लाइनवर नाहक भार टाकते. महावितरणने गावठाण फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे केल्यापासून गावातल्या घरांना यातून बरीच सुटका मिळाली. मळ्यात राहणाऱ्यांना मात्र अजूनही शेतीच्या लाइनचे सगळे चढउतार सोसावे लागतात. शहरातही चित्र सरळ नाही. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आणि चटईचे कारखाने आहेत, आणि एप्रिल-मेच्या संध्याकाळी गल्लीतला प्रत्येक कूलर एकदम चालू होतो. उलट छतावर सोलर बसवलेल्या वसाहतींत भर दुपारी, भार कमी आणि ऊन जास्त असताना, व्होल्टेज २४५ च्या पुढेही चढू शकते.

याचा ॲम्प्लिफायरवर होणारा परिणाम कॉर्डच्या परिणामाच्या कित्येक पट मोठा असतो. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या यंत्राचे आतले व्होल्टेज लाइनच्या प्रमाणात उतरते आणि कमाल ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. २३० चे २०० झाले की ५० वॅटच्या ॲम्प्लिफायरचे ३८ वॅट उरतात, म्हणजे सव्वा डेसिबलची घट. १८० वर ३१ उरतात. तबल्याच्या बायाँवर किंवा संबळाच्या ठोक्यावर आवाज फाटतो तो अशा वेळी. चढे व्होल्टेज त्याहून घातक. गावोगावी जुळवलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर आणि ३५ व्होल्टचे कपॅसिटर ही जोडी सर्रास आढळते. २४ व्होल्टचा माथा ३४ व्होल्टजवळ जातो, तेव्हा २३० वर कपॅसिटर जेमतेम तगतो. लाइन २५० वर गेली की तोच माथा ३६ च्या पुढे जातो, कपॅसिटर फुगतो आणि काही दिवसांनी फुटतो. तेथे ५० व्होल्टचे कपॅसिटर घालायला येणारा जादा खर्च अगदी किरकोळ असतो. डीपीचे न्यूट्रल तुटले तर एखाद्या फेजवर ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. त्यापुढे कॉर्ड कितीही भारी असो, यंत्र वाचत नाही. तिथे जादा दाबाला तोडणारे संरक्षक उपकरणच उपयोगी पडते.

व्होल्टेजचा प्रश्न खरोखर असेल तर उपाय स्टॅबिलायझर. रिलेचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने दाब बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला स्पीकरमध्ये टक् असा आवाज येऊ शकतो. सर्व्होचा सावकाश बदलतो आणि गाण्यासाठी बरा. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर ॲम्प्लिफायर चढवू नये, कारण कॉम्प्रेसरचा प्रत्येक धक्का मग थेट गाण्याच्या वाटेत येतो. ज्यांचा ॲम्प्लिफायर नव्या पद्धतीच्या स्विचिंग पुरवठ्यावर चालतो आणि पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यांना स्टॅबिलायझरची सहसा गरज नाही. इन्व्हर्टर हा लोडशेडिंगच्या वर्षांचा वारसा आहे. त्या काळात घरोघरी बसलेले स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात. तिच्यावर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि ती गुरगुर स्पीकरमध्येही उतरते. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास राहत नाही.

जपानात काही हौशी श्रोते वीज शुद्ध मिळावी म्हणून दारात स्वतःचा स्वतंत्र खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतात. २०१६ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने त्यावर लिहिले होते. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे ऐकून फारसे नवल वाटणार नाही. महावितरणच्या उच्चदाब वितरण योजनेत शेतपंपांना एकेकटी डीपी मिळाली ती २०१८ पासून, आणि ज्यांना मिळाली त्यांच्या मोटारी जळणे कमी झाले. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे: शेजाऱ्याचा भार आपल्या लघुदाबाच्या लाइनवर नको. जपानी श्रोत्याचा खांब खर्चिक आहे, पण कॉर्डवर लाख रुपये घालण्यापेक्षा त्यात तथ्य जास्त आहे.

व्होल्टेजखेरीज दुसरी तक्रार गोंगाटाची. ती दोन प्रकारची असते आणि दोन्हींचे उपाय वेगळे. पहिली चरचर, टकटक, शिट्टी. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे हलके चार्जर, कूलरचा पंप आणि त्याचे स्विच ही तिची उगमस्थाने. शोधायला ट्रान्झिस्टर रेडिओ सर्वांत सोपा: मध्यमलहरीवर दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा लावून रेडिओ बोर्डाबोर्डांजवळ न्यावा आणि घरातले एकेक उपकरण बंद करत जावे. खरखर थांबली ते उपकरण दोषी. ते बदलावे किंवा त्याच्यावर फेराइटचा मणी आणि लाइन फिल्टर चढवावा. जाळीचे कवच असलेली कॉर्ड येथे थोडी मदत करते, पण ती कॉर्डमधून बाहेर पडणारी बाधा अडवते. तारेतून आत येणारी बाधा कवचाला अडवता येत नाही. कॉर्ड सिग्नलच्या वायरपासून वीतभर दूर ठेवली आणि ओलांडताना काटकोनात ओलांडली, तर कवचाचे काम फुकटात होते.

दुसरी तक्रार हमिंगची, आणि शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला ती फार छळते. पुरवठ्यातून झिरपणारे हमिंग १०० हर्ट्‌झचे असते. पेटीवर हा सूर मंद्रातल्या पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. गायक काळी एकमध्ये गात असेल तर तो मंद्र सप्तकातला थोडा चढलेला तीव्र मध्यम होतो. भूपाचा किंवा मालकंसाचा तानपुरा चालू असताना तळाशी असा चढा तीव्र मध्यम सतत घुमत राहणे किती त्रासदायक असेल, हे गाणे ऐकणाऱ्याला सांगायला नको. हमिंगचे कारण बहुधा कपॅसिटर म्हातारे होणे किंवा अर्थिंगचे वेटोळे. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, टीव्ही किंवा संगणक दुसऱ्यावर, आणि दोघांना जोडणारी सिग्नल वायर मध्ये. शिवाय केबलवाल्याची वायर तिसऱ्याच ठिकाणाहून आलेली. अशा वेळी दोन अर्थमधला थोडासा फरक सिग्नलच्या वायरमधून वाहतो आणि स्पीकरमध्ये घुमतो. सगळी यंत्रे एकाच बोर्डावरून चालवली की तो पुष्कळदा नाहीसा होतो. तेवढ्याने भागले नाही तर सिग्नलच्या वाटेत विलग करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर लावतात. अर्थची पिन कापून टाकणे हा उपाय बाजारात राजरोस सांगितला जातो, आणि त्याने हमिंग जातेही. पण त्यानंतर आतली फेजची वायर कधी सुटून पत्र्याला लागली, तर ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात आणि काहीही ट्रिप होत नाही. घरात मुले असतात. हा उपाय कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये.

अर्थिंग हा खान्देशात वेगळा विषय आहे, कारण जमीन वेगळी आहे. तापीच्या उत्तरेला रावेर-यावल-चोपड्याकडे खोल गाळाची जमीन आहे. तेथे अडीच मीटरचा जीआय पाइप, मीठ-कोळसा आणि थोडे पाणी एवढ्यावर उत्तम अर्थ मिळतो. काळी माती ओली असताना विजेला चांगली वाट देते. चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, पाइपभोवतीची माती सुटते आणि अर्थचा रोध कित्येक पटींनी चढतो. धुळे-साक्रीकडे अडचण आणखी वेगळी. वरवर मुरूम आणि हाताभर खाली बेसॉल्टचा खडक. हा सगळा भाग खडकात उभ्या घुसलेल्या डाइकच्या भिंतींसाठी भूशास्त्रात प्रसिद्ध आहे. तेथे एका पाइपने भागत नाही. दोन-तीन पाइप अंतराने पुरून एकमेकांना जोडावे लागतात, किंवा खड्डा मोठा करून त्यात बेंटोनाइटसारखी ओल धरणारी माती भरावी लागते. आयएस ३०४३ या भारतीय संहितेत यासाठीच्या पद्धती दिलेल्या आहेत. वायरमनची जुनी परीक्षा म्हणजे फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावणे. तो पूर्ण उजेडाने पेटला तर अर्थ चालू आहे. ही परीक्षा ढोबळ आहे आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी असेल तर तो लगेच पडेल, म्हणून अर्थ टेस्टरने मोजून घेणे बरे.

ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रारही याच वर्गातली. स्विचिंग पुरवठ्याच्या यंत्रांत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे जाणारे बारीक कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर पत्रा दोहोंच्या मध्ये, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असतो, पण सिग्नलच्या वायरमध्ये तोच हम म्हणून उतरतो. तीन तारांची नवी कॉर्ड लावल्यावर आवाज एकदम स्वच्छ झाल्याचे जे अनुभव लोक सांगतात, त्यांतले बरेचसे या प्रकारचे आहेत. जुनी कॉर्ड दोन तारांची होती किंवा तिची अर्थची तार आत तुटलेली होती. नव्या कॉर्डने ती जोड पूर्ण केली. सुधारणा खरी, आणि ती पंचवीस हजारांच्या कॉर्डइतकीच अडीचशेच्या कॉर्डनेही झाली असती.

राहिले ते तांब्याच्या शुद्धतेचे दावे. त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. साध्या विद्युत तांब्याची शुद्धता ९९.९ टक्के असते, ऑक्सिजनमुक्त तांब्याची ९९.९५ किंवा जास्त. वहनक्षमतेतला फरक एक टक्क्याच्या आसपास. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी चांगली वाहक आहे, पण मुलाम्यात ती मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. अतिशीत तापमानात गोठवलेली तार, तारेची दिशा, पिनेवरचा ऱ्होडियम यांचा ५० हर्ट्‌झच्या विजेवर ऐकू येण्याजोगा परिणाम दाखवून देणारी मोजणी पुढे आलेली नाही.

मोजणीपेक्षा कान मोठा, असे म्हणणाऱ्यांसाठी आंधळी चाचणी आहे. १९५० साली बेल प्रयोगशाळेत मन्सन आणि गार्डनर यांनी मांडलेल्या पद्धतीचे सुधारित रूप एबीएक्स नावाने १९८२ पासून ध्वनिक्षेत्रात रूढ झाले. श्रोत्याला ए आणि बी ऐकवतात, मग एक्स ऐकवून तो दोहोंतला कोणता ते विचारतात. पॉवर कॉर्डची अशी एक नेटकी चाचणी २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या हौशी श्रोत्यांनी घेतली. एका बाजूला यंत्राबरोबर येणाऱ्या साध्या कॉर्ड, दुसऱ्या बाजूला प्रत्येकी अडीच हजार डॉलरच्या नॉर्डोस्ट वल्हाला. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली, म्हणजे ४९ टक्के. नाणे उडवूनही एवढीच आली असती. या चाचणीवरचा आक्षेपही नोंदवायला हवा: कॉर्ड बदलताना यंत्र बंद करावे लागते, मधे वेळ जातो आणि कानाची स्मृती अल्पजीवी असते. आक्षेप रास्त आहे. पण दुकानात किंवा मित्राच्या घरी कॉर्ड बदलून फरक ऐकणारा श्रोताही याच अडचणीतून ऐकत असतो.

घरी चाचणी घ्यायला दुसरा माणूस आणि एक पडदा पुरतो. आवाजाची खुंटी हलवायची नाही, गाण्याचा तोच तुकडा, आणि कोणती कॉर्ड लावायची ते प्रत्येक वेळी चिठ्ठी काढून ठरवायचे. १६ पैकी १२ किंवा जास्त वेळा ओळख पटली तर ती निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. आधी जुनी कॉर्ड दोन-तीन वेळा काढून-घालून घ्यावी. पिना घासल्या जातात, त्यांच्यावरचा गंज निघतो, आणि पुष्कळदा नव्या कॉर्डला दिलेले श्रेय या घासण्याचे असते.

तरीही कॉर्ड बदलणे आवश्यक असते अशी ठिकाणे थोडी नाहीत. आवरण तडकलेली, उंदरांनी कुरतडलेली, टॉपजवळ (प्लगजवळ) गरम होणारी कॉर्ड ताबडतोब काढावी. स्वस्त ॲम्प्लिफायरबरोबर येणाऱ्या कॉर्डमध्ये कधीकधी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते; एक तंतू ब्लेडने खरवडला की आतून पांढरा निघतो. काहींत टॉप तीन पिनांचा आणि आत तारा दोनच असतात. भारतीय टॉपमध्ये ब्रिटिश टॉपसारखा फ्यूज नसतो, म्हणून शॉर्टसर्किट झाले तर १६ अँपिअरची एमसीबी पडेपर्यंत सगळा प्रवाह कॉर्डला सोसावा लागतो. बारीक कॉर्ड तेवढ्यात पेट घेऊ शकते. जाड कॉर्ड घेण्याचे खरे कारण हे आहे, आणि ते आवाजाहून महत्त्वाचे आहे. त्यातच बंद कपाटात मे महिन्याच्या दुपारी तापमान पन्नाशीच्या पुढे जाते. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंशांची, उष्णतारोधक पीव्हीसीची ८५ ची. १४/३६ च्या बारीक फ्लेक्सचे दहा मीटरचे एक्स्टेन्शन गुंडाळी न सोडता वापरणे सर्वांत वाईट, कारण उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही.

घ्यायची कॉर्ड तीन तारांची, घरगुती ॲम्प्लिफायरसाठी एक किंवा दीड एमएमची, लागेल तेवढ्याच लांबीची असावी. टॉप आयएस १२९३ प्रमाणे, वायर आयएस ६९४ प्रमाणे, दोन्हींवर आयएसआय खूण. खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. जळगावच्या सराफ बाजारात दागिन्यावरचा एचयूआयडी क्रमांक ज्या ॲपवर पाहतात तेच हे ॲप. सोन्याला लावलेली कसोटी तांब्यालाही लावावी. परदेशातून आणलेल्या यंत्रात कॉर्ड बदलण्याआधी पाठीवरचे व्होल्टेज वाचणे अत्यावश्यक. अमेरिकेतून आलेला ॲम्प्लिफायर १२० व्होल्टचा, जपानमधला १०० चा असू शकतो. खोबण तीच असल्यामुळे भारतीय कॉर्ड त्यात सहज बसते, आणि स्विच टाकताच ट्रान्सफॉर्मर जळतो. त्यांना योग्य क्षमतेचा उतरता ट्रान्सफॉर्मर लागतो. युरोपी टॉपसाठी अर्थ नसलेले बहुरूपी ॲडॉप्टर वापरण्यापेक्षा टॉपच बदलून घ्यावा. बोर्डाकडे तोंड केले असता अर्थचे मोठे भोक वर, फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असते. हे टेस्टरने एकदा पाहून ठेवावे.

पाच-दहा हजार रुपये हाताशी असतील तर जळगाव-धुळ्यातल्या घरात ते आधी अर्थिंगवर खर्चावेत, मग ॲम्प्लिफायरसाठी बोर्डापासून अडीच एमएमची स्वतंत्र वायर, नवे १६ अँपिअरचे सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांवर; व्होल्टेज खरोखर हेलकावे खात असेल तर स्टॅबिलायझरवर. व्होल्टेज सतत मर्यादेबाहेर असेल तर महावितरणच्या १९१२ या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. तो दोष ग्राहकाने स्वतःच्या पैशाने झाकत बसायचा नाही. आयएसआय खुणेची साधी कॉर्ड एवढ्यात सहज मावते, आणि तिच्यापुढची कॉर्ड घेऊ नये. अर्थिंगची मोजणी मात्र पावसाळ्यात करून उपयोग नाही. ओल्या काळ्या मातीत कोणताही पाइप चांगला दिसतो. आकडा घ्यायचा तो मे महिन्यात, जमिनीला भेगा पडलेल्या असताना.